दहा साइटवर आहे म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत

पुण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. नववीची मुलं शहरातल्या वास्तूंवर पुस्तिका करत आहेत. शनिवारवाड्याची पायाभरणी शनिवारी, १० जानेवारी १७३० रोजी झाली, असं विकिपीडियापासून पर्यटनाच्या साइटपर्यंत सगळीकडे लिहिलेलं आहे. एका मुलाने मोबाइलवर त्या तारखेचा वार काढला तर मंगळवार आला. खरं काय? आणि फुकट मिळणाऱ्या अशा कोशांवर, साइटवर किती विसंबायचं? बाईंना स्वतःच्या एम.एड.च्या प्रबंधासाठीही हे हवं आहे.

बाई, आधी त्या मुलाला शाबासकी द्या. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात माझी सगळी नोकरी झाली, आणि छापलेली तारीख पडताळून बघावी असं मनात येणारी माणसं तिथेही मोजकीच भेटली. त्याने विचारलंय ते रास्त आहे, फक्त त्याचं उत्तर जरा गमतीचं आहे: तारीख बरोबर, वार बरोबर आणि मोबाइलही बरोबर.

आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन कालगणना इंग्रजांनी १७५२ साली स्वीकारली. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधी ते जुनी, ज्युलियन कालगणना चालवत होते आणि अठराव्या शतकात ती अकरा दिवस मागे होती. पेशव्यांच्या कागदांत इंग्रजी तारीख नसतेच. तिथी असते, शक असतो, नाहीतर सुहूर सन, म्हणजे तेव्हा दप्तरात चालणारी अरबी वळणाची वर्षगणना. पुढे अभ्यासकांनी जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचा मेळ घालणारी कोष्टकं, घेऊन त्या तिथींच्या इंग्रजी तारखा काढल्या, त्या १७५२ पूर्वीच्या काळासाठी बहुधा जुन्या कालगणनेप्रमाणे. मोबाइल मात्र आजचीच कालगणना सरळ मागे नेतो. जुन्या पद्धतीची १० जानेवारी १७३० म्हणजे आजच्या पद्धतीची २१ जानेवारी, आणि त्या दिवशी शनिवारच येतो. वास्तुशांतीची तारीख २२ जानेवारी १७३२ दिली जाते. तीही अकरा दिवस पुढे न्या, २ फेब्रुवारी येते. वार पुन्हा शनिवार.

अजून खात्री करायची असेल तर चंद्राला विचारा. पायाभरणीची तिथी माघ शुद्ध तृतीया, शके १६५१. आजच्या पद्धतीच्या २१ जानेवारी १७३० ला अमावास्या होऊन दोन-अडीच दिवस झालेले होते, म्हणजे तृतीया जुळते. मोबाइलने दाखवलेल्या त्या मंगळवारी मात्र वद्य पक्ष चालू होता. तिथी, वार आणि चंद्र तिघेही एकाच दिवसाकडे बोट दाखवतात तेव्हा मी ती तारीख मानतो. कुठल्या साइटवर वाचली याला मग फारसं महत्त्व उरत नाही.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो. ‘ही साइट विश्वासार्ह आहे का?’ हा प्रश्न माझ्याकडे येणारे सगळे विचारायचे आणि मी सहसा त्याचं उत्तर द्यायचो नाही. एकाच पानावर एक वाक्य पक्कं असतं आणि त्याच्या खालचं नुसतं सांगोवांगी. विचारायचं असतं ते त्या एका वाक्याबद्दल: हे सर्वांत आधी कोणी म्हटलं, आणि त्याला ते कळायला मार्ग काय होता? पुण्यात तरी हा विचार नवा वाटायला नको. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेत बखरींची हीच उलटतपासणी आहे. प्रसंग घडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी लिहिलेली बखर एकीकडे आणि त्याच दिवसांत लिहिलं गेलेलं पत्र दुसरीकडे. आजच्या बहुतेक साइट या बखरीच आहेत, आणि त्याही दुसऱ्या बखरीवरून उतरवून घेतलेल्या.

म्हणून ‘दहा ठिकाणी तेच आहे’ हा युक्तिवाद मुलांना करू देऊ नका. एका विहिरीतून दहा हंडे भरले म्हणून विहिरी दहा होत नाहीत. दहाही साइटवर तेच वाक्य, त्याच शब्दांत, तीच शुद्धलेखनाची चूकही जशीच्या तशी असेल, तर साक्षीदार एकच. उलट दोन ठिकाणी मजकूर वेगळ्या शब्दांत, वेगळ्या आधाराने येतो आणि तपशील तरी जुळतो, तर तिथे वजन आहे.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण आहे. कोआटी नावाचा रॅकूनच्या कुळातला एक प्राणी आहे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने इंग्रजी विकिपीडियावरच्या त्याच्या लेखात गंमत म्हणून घुसडून दिलं की याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. आर्डवार्क आफ्रिकेत असतो आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण नाव राहून गेलं. वर्तमानपत्रांनी उचललं, एका विद्यापीठाच्या प्रकाशनाच्या पुस्तकातही ते शिरलं. मग विकिपीडियावरच्या त्या वाक्याला तळटीप मिळाली ती त्याच्यावरूनच लिहिलेल्या बातमीची! २०१४ साली हा प्रकार उघडकीला आला तोवर ‘आधार’ भक्कम झालेला होता.

असं चक्र पकडायची युक्ती सोपी आहे, पण कोणी वापरत नाही. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ नावाची खिडकी असते. कुठलं वाक्य कोणत्या दिवशी घातलं गेलं ते तिथे सापडतं. आता तळटिपेतल्या बातमीची तारीख बघा. बातमी वाक्याच्या आधीची असेल तर ठीक. वाक्य २०११ चं आणि बातमी २०१३ ची असेल, तर बातमीदाराने ते कुठून घेतलं असेल हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. शेजारची ‘चर्चा’ची खिडकीही उघडत जा. लेखात गुळगुळीत दिसणाऱ्या वाक्यावरून आत कधीकधी रणकंदन चाललेलं असतं. ते वाचायला मिळालं तर मी लेखावर जास्त विश्वास ठेवतो, कारण कोणीतरी हरकत घेतली होती आणि तिला उत्तर द्यावं लागलं होतं. ज्या लेखावर वर्षानुवर्षं कोणीच काही बोललेलं नाही, तो मला जास्त संशयास्पद वाटतो.

‘विकिपीडिया कोणीही लिहितो, म्हणून टाकाऊ’ असं म्हणणारे प्राध्यापक मला भरपूर भेटले. २००५ च्या डिसेंबरात ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका निघाल्या, ब्रिटानिका या नामांकित संपादित कोशाच्या लेखात तीन. ब्रिटानिकाने त्या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला हेही सांगायला हवं. तरी ती इंग्रजीची गोष्ट, तीही विज्ञानाची. तो निष्कर्ष उचलून मराठी विकिपीडियाला लावता येत नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तिथे मनापासून काम करणारी माणसं आहेत, पण लेखांच्या मानाने लेखांवर नजर ठेवणारी माणसं थोडी. गावांचे, तालुक्यांचे ढीगभर लेख दोन-चार ओळींवर थांबलेले आहेत. अनेक लेख इंग्रजीवरून उतरवलेले असतात आणि त्यांच्याबरोबर तळटिपाही येतात. ते पुस्तक मराठीत उतरवणाऱ्याने उघडलंच असेल असं नाही. भाषा लहान असली की काय होऊ शकतं ते २०२० साली स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर दिसलं: ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने हजारो लेख लिहून ठेवले होते आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तेव्हा मराठी लेख वाचलात की त्याच विषयाचा इंग्रजी लेख उघडा, आणि दोन्हींत फरक दिसेल तिथे थांबा. फरक दिसला म्हणजे मराठीचंच चुकलं असेल असं धरू नका. पुण्याच्या पेठा, देवळं, मराठी लेखक यांच्याबद्दल इंग्रजी लेखातही कमी भोंगळपणा नसतो.

संपादित कोश मात्र डोळे मिटून घ्यावेत का? माझं मत: लेखकाच्या बाबतीत हो, काळाच्या बाबतीत नाही. मराठी विश्वकोश आता सगळा फुकट वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला उभं केलेलं ते काम. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, संदर्भ असतात, मजकूर संपादकांच्या हातून गेलेला असतो. पण पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. खंड वर्णानुक्रमाने निघाले, त्यामुळे ‘अ’ने सुरू होणारी नोंद आणि ‘ह’च्या आसपासची नोंद यांच्यात एक अख्खी पिढी आहे. पडद्यावर दोन्ही सारख्याच ताज्या दिसतात. एखाद्या उद्योगाचे, देशाचे, शास्त्रशाखेचे आकडे घेताना आधी विचारायचं, ही नोंद कोणत्या अक्षराची? व्युत्पत्ती, तत्त्वज्ञान, जुना इतिहास यांना काळाची झळ कमी बसते.

केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं तर याहून. तेवीस खंड, १९२० च्या दशकातले, आज संगणकावर फुकट. मला तो अतिशय प्रिय आहे आणि मुलांच्या हाती मी तो जपूनच देतो. प्लूटो सापडला १९३० साली, म्हणजे ज्ञानकोश पुरा झाल्यावर. मधल्या काळातल्या पुस्तकांत ग्रह नऊ झाले, २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. आता ग्रहांच्या संख्येपुरता केतकरांचा काळ पुन्हा ‘बरोबर’ ठरतो, पण त्याचं श्रेय ज्ञानकोशाला देता येत नाही!

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण फुकट साधनांची खरी मेख तिच्यात आहे. भारतात लेखक वारल्यानंतर पुढची साठ वर्षं पुस्तकावर स्वामित्वहक्क असतो. म्हणजे इंटरनेट आर्काइव्हसारख्या साइटवर कायदेशीरपणे अख्खं पुस्तक मिळतं तेव्हा ते बहुतेक वेळा जुनं असतं, आणि नंतरचं संशोधन, ज्यात त्याची चूक दाखवलेली असते, ते पैसे मोजून किंवा ग्रंथालयात जाऊनच वाचावं लागतं. फुकट मिळणाऱ्या ज्ञानाचा तोल असा आपोआप भूतकाळाकडे झुकतो. शिवाजी महाराजांच्या जन्माचंच पाहा. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेला मराठ्यांचा १८२६ चा इतिहास कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. त्यात जन्म १६२७ च्या मे महिन्यात आहे. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार टिपणं, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली ती १९१६ साली. तिच्यात आणि महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारत या संस्कृत काव्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही आज शासनाने मानलेली तारीख याच तिथीची. एखादा मुलगा जुनं इंग्रजी पुस्तक दाखवून १६२७ म्हणाला तर त्याला खोटं पाडू नका, पुस्तक कधीचं आहे ते बघायला सांगा. (तुमचा मोबाइलवाला विद्यार्थी इथेही विचारेल, म्हणून सांगून ठेवतो: हीसुद्धा जुन्या कालगणनेची तारीख आहे. सतराव्या शतकात फरक दहा दिवसांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने १ मार्च.)

स्कॅन केलेल्या पुस्तकांची आणखी एक खोड. सरकारी डिजिटल लायब्ररीच्या योजनेत स्कॅन झालेली हजारो भारतीय पुस्तकं आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. त्यांची शीर्षकं, लेखक, प्रकाशनवर्ष हे तपशील भरताना कोणी कसेही भरलेले आहेत. साइटच्या पानावर काय लिहिलंय ते सोडा, स्कॅनमधलं मुखपृष्ठानंतरचं पान उघडून आवृत्ती आणि साल स्वतः बघा. देवनागरी मजकूर यंत्राने ओळखून शोधता येतो म्हणतात, पण जोडाक्षरं आणि जुने टाइप यांनी त्याची दाणादाण उडते. तिथे शब्द सापडला नाही म्हणजे पुस्तकात नाही, असं कधीही म्हणू नका. पुण्याचं १८८५ चं गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालेतला अठरावा खंड, तीन भागांत, असंच मोफत मिळतं. धान्याचे भाव, रस्ते, जमीनमहसूल यांसाठी उत्तम. जातींच्या स्वभावाबद्दल त्यात जे लिहिलंय ते मात्र साहेबाला काय वाटत होतं याचा पुरावा म्हणूनच वाचावं.

आकड्यांच्या बाबतीत चूक बहुधा वेगळीच असते. पुण्याची लोकसंख्या शोधा. २०११ च्या जनगणनेचेच तीन आकडे मिळतील: ३१.२४ लाख, ५० लाखांच्या वर, आणि ९४.२९ लाख. तिन्ही खरे. पहिला महापालिकेच्या हद्दीचा, दुसरा पिंपरी-चिंचवड, छावण्यांसह सलग नागरी पट्ट्याचा, तिसरा जिल्ह्याचा. त्यात महापालिकेची हद्द नंतर वाढली. २०१७ साली अकरा गावं आली, २०२१ साली तेवीस. जुनी लोकसंख्या आणि नवं क्षेत्रफळ घेऊन घनता काढणारे महाभाग मी छापील अहवालातही पाहिले आहेत. आकडा उतरवताना हद्द आणि साल त्याच ओळीत उतरवून घ्यायची सवय मुलांना लागली तर पुस्तिकेचं अर्धं काम झालं.

संस्कृत वचनांसाठी आपल्या शहरात राहणाऱ्याला निमित्त सांगायला जागाच नाही. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. देशभरातल्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून कोणता श्लोक मूळ पाठात ठेवायचा आणि कोणता तळटिपेत किंवा परिशिष्टात टाकायचा, हे एकेका ओळीगणिक ठरवलं. गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट त्या आवृत्तीच्या मूळ पाठात नाही. ती गेली परिशिष्टात. त्या आवृत्तीचा पाठ आता संगणकावर शोधता येतो. तेव्हा ‘महाभारतात म्हटलंच आहे’ असं सुरू होणारा सुविचार आला, की पर्व, अध्याय, श्लोक मागायचा. बहुतेक सुविचार तिथेच गारद होतात.

तुमच्या प्रबंधासाठी दोन शब्द. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या साइटवर प्रबंध फुकट आहेत आणि उपयोगी आहेत, पण प्रबंध स्वीकारला गेला याचा अर्थ त्यातलं प्रत्येक वाक्य कोणी तपासलं असा होत नाही. त्यातली संदर्भसूची वापरा, मजकूर जपून. शोधनियतकालिकांचं तर विचारू नका. आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ साली एक अभ्यास ‘करंट सायन्स’मध्ये आला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जी नियतकालिकं त्यांनी तपासली, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाच्या कसोटीला उतरली नव्हती. नावात ‘इंटरनॅशनल’ आणि मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल असला की माझा हात आपोआप मागे जातो. आणि पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते कोणालाही विकत मिळतं. ‘डॉट एसी डॉट इन’ आणि ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ तसे मिळत नाहीत. अर्थात सरकारी पानावरचा मजकूरही कोणी तरी विकिपीडियावरून चिकटवलेला असू शकतो.

संगणकाला प्रश्न विचारून उत्तर मिळवणाऱ्या नव्या साधनांबद्दल मुलं विचारतीलच. ती साधनं कधीकधी अस्तित्वातच नसलेलं पुस्तक लेखक, वर्ष आणि पृष्ठांकासकट सांगतात, तेही कुठलीही चलबिचल न दाखवता. शोधायचे शब्द सुचवायला वापरा. त्यांनी दिलेला संदर्भ ग्रंथालयाच्या यादीत सापडला आणि त्या पानावर ते वाक्य दिसलं, तरच पुस्तिकेत घ्या.

सगळंच पडताळायला गेलात तर वर्ष सरेल. प्रत्येक गटाला त्याच्या लेखातली ज्यावर सगळा डोलारा उभा आहे अशी दोनच विधानं निवडायला सांगा आणि तेवढ्यांचा माग मुळापर्यंत काढायला लावा. त्यासाठी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे. मुलांना घेऊन जाण्याआधी शाळेचं पत्र पाठवा, कोणतं पुस्तक हवं ते आधी कळवा, आणि खाऊचे डबे बाहेर ठेवा.

पुस्तिकेत विकिपीडियाचा आधार द्यावाच लागला, तर लेखाचा नुसता पत्ता देऊ नका, कारण तो लेख उद्या बदललेला असेल. बाजूच्या साधनांमध्ये ‘शाश्वत दुवा’ असतो. तो तुम्ही वाचलेल्या नेमक्या आवृत्तीकडे नेतो. तो द्या, वाचल्याची तारीख लिहा. इतर साइटच्या बाबतीत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानाची प्रत साठवून तिचा दुवा द्या, म्हणजे साइट बंद पडली तरी तुमचा परीक्षक ते पान बघू शकेल.